त्याग धावणाऱ्याचा, ऋण पाहणाऱ्याचे

आपल्या मंडळ्यांमध्ये एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते. कोणी आयुष्यभर राबला आणि त्याच्या हाती काही लागले नाही, कोणाचा हक्क डावलला गेला, कोणाच्या सेवेची कोणी आठवण ठेवली नाही, म्हणजे आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "बंधो, तुमचा मुगूट वरती राखून ठेवलेला आहे." हे वाक्य खोटे नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या अंतकाळी हाच विश्वास प्रकट केला आहे, आणि तोही धावपटूच्या भाषेत. परंतु खरे वाक्य भलत्याच तोंडून निघाले की त्याचा अर्थ पालटतो. जो धावला त्याने ते म्हणावे ही एक गोष्ट. ज्याच्याकडे त्याचे देणे थकले आहे त्याने ते म्हणावे ही अगदी निराळी गोष्ट. या दोहोंतील भेद कोणता आणि ख्रिस्ती माणसाने तो का जपावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही मुख्यतः तीन खेळाडूंची आयुष्ये वाचकांपुढे ठेवीत आहोत. एकाला युद्धाने अपंग केले, दुसरा युद्धकाळात नजरकैदेत मरण पावला, आणि तिसऱ्याला त्याच्याच समाजाने जातीपायी वागवू नये तसे वागवले.

पहिले आयुष्य आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. मुरलीकांत राजाराम पेटकर हे इस्लामपूर भागातले. लहान वयातच ते लष्करात दाखल झाले, आणि सिकंदराबादला लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी विभागात असताना मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आले. १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झाले. त्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. जीव वाचला, पण पायांतील शक्ती गेली, आणि एक गोळी पाठीच्या कण्यात राहून गेली. ज्या तरुणाचा सारा भरवसा आपल्या पायांच्या चपळाईवर होता, तो खाटेवर पडला. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना व्यायाम म्हणून पोहण्यास सांगण्यात आले. पाण्यात पायांचे ओझे उरत नाही. हातांच्या बळावर माणूस पुढे जाऊ शकतो. औषध म्हणून जे सुरू झाले तेच पुढे त्यांचे क्षेत्र ठरले.

१९६८ साली इस्राएलमधील तेल अवीव येथे अपंगांचे जागतिक सामने झाले. भारत या सामन्यांत प्रथमच उतरला. पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले. चार वर्षांनी, १९७२ साली, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ते पोहण्याच्या शर्यतीत उतरले आणि ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. अपंगांच्या या जागतिक सामन्यांत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. धडधाकट खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये एकट्या भारतीयाने सुवर्णपदक मिळवायला २००८ साल उजाडावे लागले. बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत ते मिळवले. म्हणजे ज्याचे पाय लुळे पडले होते, तो छत्तीस वर्षे आधी तेथवर जाऊन आला होता.

हे सामने मुळात कोणी सुरू केले हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. डॉक्टर लुडविग गुटमन हे जर्मनीतील यहूदी मज्जातज्ज्ञ. हिटलरच्या राजवटीत यहूद्यांचा छळ सुरू झाला तेव्हा त्यांना मोठ्या रुग्णालयातील जागा सोडावी लागली, आणि १९३९ साली पत्नी व दोन मुलांसह देश सोडून ते इंग्लंडला गेले. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कण्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्या हाती आला. त्या काळी अशा रुग्णांना जगवण्याची आशाच कोणी धरीत नसे. अंथरुणावर पडून पाठीला जखमा होत, मूत्रमार्गात दोष शिरे, आणि पुष्कळसे रुग्ण थोड्याच काळात दगावत. गुटमन यांनी नियम घातला की दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, मग रात्र असो की दिवस. जखमा भरू लागल्या. मग त्यांनी या लोकांना चाकांच्या खुर्चीत बसवून खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, सोळा अपंग स्त्रीपुरुषांचे धनुर्विद्येचे सामने त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर भरवले. त्या सोळा जणांच्या खेळातून हे जागतिक सामने वाढले, आणि १९७२ साली ते त्याच जर्मनीत भरले, जेथून या वैद्याला जीव घेऊन पळावे लागले होते. एका छळलेल्या माणसाने लावलेल्या झाडाची सावली अशा रीतीने युद्धात मोडलेल्या एका मराठी शिपायाला लाभली.

आता पुढचा भाग. पेटकर सुवर्णपदक घेऊन परतले. महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपती पुरस्कार देऊन त्यांची दखल घेतली, हे नमूद करणे न्यायाचे आहे. पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली. परंतु देशपातळीवर अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी मागणी केली असता ती त्या काळी मान्य झाली नाही. वर्षांमागून वर्षे गेली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. तोवर त्या पदकाला सेहेचाळीस वर्षे लोटली होती. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कुठे घराघरांत त्यांचे नाव पोहोचले. आणि जो अर्जुन पुरस्कार तरुणपणी नाकारला गेला तो, जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांना मिळाला. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

येथे कोणी भाविक वाचक म्हणेल, "सन्मान मिळाला काय आणि न मिळाला काय! त्यांनी खेळ खेळला, देशासाठी रक्त सांडले, यातच त्यांचे समाधान असावे." त्यांचे समाधान कशात असावे, हे त्यांनी ठरवावे. आमचा प्रश्न त्यांच्याविषयी नाहीच. प्रश्न आपल्याविषयी आहे. १९६५ च्या त्या दिवसांत आपण आपापल्या घरी निजत होतो, शेतात कापणी करीत होतो, रविवारी उपासनेला जात होतो. आपली ती शांती कोणाच्या तरी शरीराची किंमत देऊन विकत घेतलेली होती. ज्याने किंमत दिली त्याला "तुला कशाला हवा मोबदला?" असे विचारण्याचा अधिकार, ज्याने माल नेला त्याला नसतो.

या भेदाची दुसरी बाजू नीट दिसावी म्हणून दुसरे आयुष्य पाहू. एरिक लिडल हे नाव आपल्या मंडळ्यांना नवीन नाही. चीनमधील तिएनत्सिन शहरी १९०२ साली एका स्कॉटिश मिशनरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी आहे असे कळताच त्यांनी त्या शर्यतीतून माघार घेतली. ती त्यांची हातखंडा शर्यत होती. प्रभुवार मोडणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. मग ते ४०० मीटर धावले आणि ४७.६ सेकंदांच्या विक्रमी वेळेत सुवर्णपदक जिंकले. येथवरची गोष्ट 'चॅरियट्स ऑफ फायर' या १९८१ च्या चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाली आहे. पण त्या गोष्टीचा महत्त्वाचा भाग तेथून पुढे आहे.

पुढल्याच वर्षी, कीर्ती शिखरावर असताना, लिडल चीनला परत गेले. तिएनत्सिनच्या कॉलेजात त्यांनी विज्ञान शिकवले, खेळ शिकवले. १९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली. त्या धामधुमीत ते खेडोपाडी मिशनरी म्हणून फिरले. १९४१ साली धोका फार वाढला तेव्हा त्यांनी आपल्या गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवून दिले, व आपण कामावर राहिले. तिसरी मुलगी तिकडे जन्मली. तिचे तोंड त्यांना कधी पाहता आले नाही. १९४३ च्या मार्चमध्ये जपानी अंमलदारांनी त्यांना वेइशिएन येथील छावणीत नेऊन डांबले. सुमारे दीड हजार परदेशी लोक तेथे कोंडलेले होते. त्यांत आईबापांपासून ताटातूट झालेली शाळकरी मुले पुष्कळ होती. लिडल त्यांचे 'एरिक अंकल' झाले. त्यांना शिकवावे, म्हाताऱ्यांचे पाणी वाहावे, फाटलेली खेळाची साधने दुरुस्त करावीत, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या छावणीतील एक प्रसंग सांगितला जातो. रविवारी खेळ घ्यायचे नाहीत असा लिडल यांचा तेथेही नियम होता. एका रविवारी मुलांनी आपणच हॉकी खेळायला घेतली. पंच कोणी नव्हता, आणि खेळाचे पर्यवसान हाणामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडल स्वतः मैदानात आले आणि पंच म्हणून उभे राहिले. ज्या माणसाने सोन्याच्या पदकासाठी रविवार सोडला नाही, त्याने पोरक्या झालेल्या मुलांचे भांडण मिटवण्यासाठी तो सोडला. शब्बाथ माणसासाठी केलेला आहे, हे प्रभूचे शिक्षण त्यांना पुरते कळले होते. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने त्यांचा छावणीतच अंत झाला. वय त्रेचाळीस. त्या ऑगस्टमध्ये छावणी मुक्त झाली.

लिडल यांनी जे जे सोडले, ते त्यांनी आपण होऊन सोडले. शर्यत सोडली ती स्वतः, कीर्ती सोडली ती स्वतः, कुटुंबाचा सहवास सोडला तोही स्वतः. म्हणून त्याला आपण त्याग म्हणतो. मात्र छावणीचे कुंपण त्यांनी स्वतःभोवती घातले नव्हते. ते घालणाऱ्याने उद्या असे म्हटले असते की, "पाहा, आमच्यामुळे केवढा मोठा साधू घडला," तर ते ऐकून घेण्याजोगे होते काय? त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याने हिरावून घेतलेल्या वस्तूला त्याग हे नाव देणे म्हणजे चोराने चोरीच्या पैशाला देणगी म्हणण्यासारखे आहे.

पवित्र शास्त्रात हा भेद फार सूक्ष्मपणे जपलेला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू शिकवतो की, सांगितलेले सर्व काम केल्यावर दासाने आपणाला निरुपयोगी समजावे, आपण केवळ कर्तव्य केले असे म्हणावे. हे कोणी म्हणावयाचे? दासाने, आणि स्वतःविषयी. आता मत्तयाचा पंचविसावा अध्याय उघडा. तेथे धनी परत येतो तेव्हा दासाला काय म्हणतो? तो त्याला निरुपयोगी म्हणत नाही. शाबासकी देतो, विश्वासू म्हणतो, आपल्या आनंदात सामील करून घेतो. एकाच कामाविषयी दोन तोंडांची दोन वाक्ये आहेत, आणि दोन्ही खरी आहेत, जोवर ती आपापल्या तोंडी आहेत तोवर. धन्याने दासाचे वाक्य चोरले की नम्रतेचा जुलूम होतो.

हाच जुलूम तिसऱ्या आयुष्यात उघडपणे दिसतो. बाळू पालवणकर यांचा जन्म आपल्या कर्नाटकातील धारवाडचा, १८७६ चा. चर्मकार समाजात ते जन्मले. पुण्यात प्रथम पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर, मग इंग्रजांच्या क्लबात, खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे अशी कामे त्यांनी केली. जाळ्यात साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांच्या डावऱ्या हाताच्या फिरकीला अशी धार चढली की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गरज भासू लागली. संघात घेतले, परंतु घेतले ते कसे? मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळीत. चहाची वेळ झाली की त्यांना मात्र बाहेर, निराळ्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे असूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली, तेही बऱ्याच वादंगानंतर.

येथे तोफा नव्हत्या, काटेरी तारा नव्हत्या. तरीही हा छळच. आणि त्या काळच्या सभ्य माणसांनीही बाळूंच्या सौजन्याची स्तुती केली असणार. बिचारा कधी कुरकुर करीत नाही म्हणून त्याला वाखाणले असणार. ज्याला आपण मातीच्या पेल्यात चहा देतो त्याच्या सहनशीलतेचे कौतुक करणे फार सोपे असते. आम्ही ख्रिस्ती लोकांनी हे वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. भारतातील काही मंडळ्यांत बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या, प्रभुभोजनाचा प्याला कोणी आधी घ्यावा यावरून तंटे झाले, हा आपल्याच इतिहासाचा भाग आहे. ज्या प्याल्याने सर्वांना एक करावे त्या प्याल्यापाशी माणसाची जात आठवणे, हे मैदानाबाहेरच्या त्या मातीच्या पेल्यापेक्षा अधिक मोठे पाप आहे. कारण आपल्याला सत्य ठाऊक होते.

या सर्व विचाराचे मूळ वधस्तंभापाशी आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू स्पष्ट सांगतो की त्याचा प्राण कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाही. तो आपण होऊन तो देतो. याहून मोठा त्याग जगाने पाहिला नाही. मग पिलात निर्दोष ठरला काय? ख्रिस्ताने आपण होऊन प्राण दिला म्हणून पिलाताने हात धुतले ते हात स्वच्छ झाले काय? मुळीच नाही. मंडळीचा विश्वासांगीकार आजवर पिलाताचे नाव घेऊनच प्रभूच्या दुःखसहनाचा उल्लेख करतो. ज्याने दिले त्याचे देणे पूर्ण प्रेमाचे होते. ज्यांनी घेतले त्यांचे घेणे पूर्ण अन्यायाचे होते. एकाच वधस्तंभावर या दोन्ही गोष्टी आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. देवाने त्या अन्यायातून तारण निर्माण केले, हा देवाचा महिमा. तो पिलाताच्या जमेस धरता येत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा की, माणसांकडून मान मिळवण्याची इच्छा प्रभूने निषिद्ध मानली आहे. दानधर्म गुप्तपणे करावा, डाव्या हाताला उजव्याचे कळू नये, असे तो शिकवतो. बरोबर आहे. पण हे शिक्षण देणाऱ्या हाताला आहे. ज्याला दान पोहोचले त्याने कृतघ्न राहावे, असे ते शिकवीत नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच आभार मानायला परतला, तेव्हा प्रभूने बाकीच्या नऊ जणांची विचारपूस केली. त्याला स्वतःला मानाची हाव होती म्हणून का? ते नऊ जण काही गमावून बसले होते, म्हणून. कृतज्ञता न दाखवणारा माणूस आतून खुजा होतो. पौलानेही रोमकरांस लिहिताना कराबरोबर मानाचाही उल्लेख देण्यांच्या यादीत केला आहे. ज्याचा मान त्याला देणे हे त्याने सद्भावनेवर सोडलेले नाही. ते देणे म्हणून सांगितले आहे.

दुसरा आक्षेप असा की, सेहेचाळीस वर्षांनी का होईना, मान मिळाला ना? मग तक्रार कशाची? उशिरा फेडलेले ऋणही फेडलेलेच असते, हे आम्हांला मान्य आहे, आणि ज्यांनी अखेरीस ते फेडले त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु नियमशास्त्रातील अनुवादाचा चोविसावा अध्याय पाहा. गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी तेथे आज्ञा आहे. कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. दुसऱ्या दिवशी दिली तर रक्कम तीच असते; पण मधल्या रात्री त्याची चूल पेटलेली नसते. साताऱ्याचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या निधनानंतर. १९८४ साली ते अपघातात वारले होते. सूर्य मावळून गेल्यावर आणलेली मजुरी घ्यायला मजूर उरला नव्हता.

पण याच खाशाबांच्या कथेत उलट उदाहरणही आहे. हेलसिंकीला जायला त्यांच्यापाशी पैसे नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खेळाडू जिंकेल की नाही हे ठाऊक नसताना, पाहणाऱ्याने आपले देणे आगाऊ फेडले. "देव तुझे भले करो" एवढे म्हणून प्राचार्यांना घरी जाता आले असते. याकोबाने आपल्या पत्रात ज्या श्रद्धेला मेलेली म्हटले आहे ती हीच: उघड्यानागड्याला ऊब मिळो म्हणायचे आणि पांघरूण द्यायचे नाही.

बिदर-कलबुर्गीच्या आपल्या भागाला युद्ध आणि छळ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जुलमाने येथील गावे होरपळली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उलट बाजूने सूड उगवला गेला, आणि निरपराध मुसलमान कुटुंबे त्यात चिरडली गेली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी करून सर्वांत अधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घातली. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. दोन्ही बाजूंच्या विधवांना तेव्हा हेच ऐकायला मिळाले असणार की आता झाले गेले विसरा, वरचा न्याय करील. वरचा न्याय करीलच. पण त्याचे नाव घेऊन खालचा हिशोब बंद करण्याची मुभा त्याने कोणाला दिलेली नाही. जक्कय तारला गेला तेव्हा, लोकांचे नुकसान देव भरून देईल असे तो म्हणाला नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो म्हणाला. तारण त्याच्या घरी आले, आणि ते आल्याची खूण म्हणून त्याच्या तिजोरीचे दार उघडले.

आपल्याकडच्या जत्रांत आणि उरसांत कुस्त्यांचे फड भरतात. तेथे एक जुनी रीत आहे. लहान पोरांची नारळाची कुस्ती असो की शेवटची चांदीच्या कड्याची असो, कुस्ती निकाली झाली की इनाम तेथल्या तेथे, साऱ्या गावादेखत दिले जाते. पैलवान अंगाची माती झाडण्यापूर्वी त्याच्या हातात कडे पडते. हरलेल्या पण चांगल्या लढलेल्या गड्यालाही कोणी तरी गर्दीतून पुढे होऊन रुपया देतो. पंच असे कधी म्हणत नाहीत की, बाळा, तुझे इनाम स्वर्गात आहे. खेडुतांच्या या साध्या रीतीत अनुवादातील ती आज्ञा पाळली जाते, आणि आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा ती मोडली जाते.

कशी मोडली जाते? आपल्याभोवती पाहा. उन्हातान्हात गावोगाव सायकल हाकून वचन सांगणारा सुवार्तिक म्हातारा झाला की त्याच्या घरी कोण जाते? चाळीस वर्षे खेड्यातील बायकांना धीर देत फिरलेल्या बायबल वुमनची कबर कोणती, हे किती जणांना सांगता येईल? फौजेतून जखमी होऊन परतलेल्या आपल्याच मंडळीच्या तरुणासाठी मंदिराच्या पायऱ्यांना उतार केला आहे काय, की तो चाकाच्या खुर्चीत दाराबाहेर बसूनच गीते ऐकतो? ज्या मुलीत धावण्याचे कसब आहे, तिला बूट घ्यायला पैसे नाहीत, तिच्यासाठी आपण प्रार्थना केली, आणि बूट? या माणसांनी आपल्या वाट्याला आलेले मुकाट्याने सोसले असेल, आनंदाने सोसले असेल. ते त्यांचे आणि प्रभूचे. त्यांच्या मुकेपणाने आपली पावती फाटत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात धावणाऱ्यांच्या सभोवार साक्षीदारांचा मोठा मेघ आहे असे चित्र आहे. आपण बहुतेकदा स्वतःला त्यातला धावणारा समजतो. पण आयुष्यातील पुष्कळ वेळ आपण पाहणारेच असतो. कोणी तरी दुसरा धावत असतो, पोहत असतो, आपल्यासाठी गोळ्या झेलत असतो. तेव्हा आपली परीक्षा धावण्यात होत नाही, पाहण्यात होते. आपण पाहिले काय, ओळखले काय, आणि जे द्यावयाचे ते दिवस मावळण्यापूर्वी दिले काय, हे आपल्याला विचारले जाईल.

म्हणून, प्रिय वाचकहो, जेव्हा तुमच्यावर अन्याय होईल तेव्हा मुगूट वरती आहे हे अवश्य स्मरा. ते तुमचे बळ आहे, कोणी ते हिरावू शकणार नाही. पण जेव्हा दुसऱ्यावर अन्याय झालेला पाहाल, तेव्हा ते वाक्य ओठांवर आणण्यापूर्वी आपले खिसे चाचपून पाहा. त्याचे काही देणे तेथेच तर राहिलेले नाही ना? असेल तर ते आजच द्या. सूर्य अजून मावळलेला नाही.